पेंडशांच्या मणक्याची चांदी

श्रीनिवास पेंडशांच्या पाठीचा कणा पाहिला नाही असा माणूस शनिवार पेठेत तरी शोधून सापडला नसता. पाहुणा येई, पोहे होत, चहा होई, आणि पाहुणा "बराय, निघतो आता" म्हणण्यासाठी तोंड उघडणार एवढ्यात श्रीनिवासराव म्हणत, "बसा हो, घाई काय आहे? एक गंमत दाखवतो." मग पाहुण्यालाच दिवाणावरून उठवून खुर्चीवर बसवलं जाई, दिवाणाची फळी कुरकुरत वर होई आणि आतून पिवळट पडलेली मोठमोठी पाकिटं बाहेर येत. ट्यूबलाइट लागे. एक्स-रे वर धरला जाई.

"हा चौथा मणका. हा पाचवा. आता या दोघांच्या मधे बघा. बघा, बघा. दिसली गॅप?"

गॅप दिसल्याशिवाय कुणाची सुटका नसे.

श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यात होते. खडकवासल्याला स्कूटरवरून जा-ये असायची. एके दिवशी एका म्हशीनं ऐनवेळी रस्ता ओलांडायचा विचार बदलला आणि श्रीनिवासराव स्कूटरसकट चरात गेले. पुढे कित्येक आठवडे ते फळीवर झोपून होते. त्या काळात सगळं खातं, सगळी पेठ आणि दोन्हीकडचे नातेवाईक त्यांना बघायला येऊन गेले. इतकी माणसं त्यांना बघायला त्यांच्या लग्नातही आली नव्हती. ती चव जी लागली ती लागलीच. मग गुडघ्याचे झाले, खांद्याचे झाले, खोकला झाला की छातीचे झाले. डॉक्टरांनी एक्स-रे लिहून दिला नाही तर श्रीनिवासराव नाराज होत आणि पुढच्या खेपेला डॉक्टर बदलत.

पद्मजाबाईंनी हे सगळं चाळीसेक वर्षं ऐकलं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं निमूटपणे ऐकायची सवय त्यांना नोकरीनंच लावली होती. तिकडे निदान कंटाळा आला की लाइन तोडता यायची. त्यांची खरी तक्रार मणक्याबद्दल नव्हतीच, दिवाणाबद्दल होती. घरातल्या दुलया कपाटाच्या डोक्यावर, पुरणयंत्र माळ्यावर, नवा मिक्सर खोक्यासकट पलंगाखाली आणि घरातली सगळ्यात ऐसपैस, कोरडी, हाताशी असलेली जागा नवऱ्याच्या हाडांनी व्यापलेली.

"काढून टाका की आता त्यातले थोडे," त्या म्हणत.

"माणूस जिवंत असताना त्याची हाडं बाहेर काढत नाहीत," श्रीनिवासराव म्हणत आणि पेपर उघडत.

तर अशा घरात गंधारनं नम्रताला पहिल्यांदा आणलं. गंधार हा त्यांचा एकुलता एक मुलगा, हिंजवडीला नोकरीला. नम्रता अकोल्याची, केमिकल इंजिनीअर, भोसरीला एका कारखान्यात कामाला. आदल्या दिवशी गंधारनं वडिलांना हात जोडून सांगितलं होतं, "बाबा, प्लीज. उद्या एक्स-रे नको."

"मी कशाला दाखवू? मला काय कळत नाही?" श्रीनिवासराव म्हणाले होते.

चहा झाला. कपबश्या आत गेल्या. श्रीनिवासरावांनी नम्रताकडे पाहिलं, ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू इंजिनीअर ना? मग तुला यातलं कळेल. गंधार, ऊठ तिथून."

गंधारनं डोळे मिटून घेतले. पण नम्रता खरंच उठून जवळ गेली. तिनं एक्स-रे हातात घेतला, कडेला धरून किंचित वाकवून बघितला, उलटा करून बघितला. श्रीनिवासरावांना भरून आलं. इतक्या आस्थेनं त्यांचा मणका खुद्द हाडांच्या डॉक्टरांनीही पाहिला नव्हता.

"काका, हे तुम्ही इतके जपून ठेवले ते फार चांगलं केलं," ती म्हणाली. "जुन्या फिल्मा आहेत. यात चांदी चांगली निघते."

"काय निघते?"

"चांदी. आम्ही कारखान्यात तेच करतो ना. दवाखान्यांतून जुने एक्स-रे येतात, ते धुऊन त्यातली चांदी काढतो."

श्रीनिवासरावांनी एक्स-रे तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि पाकिटात घातला. मात्र त्या रात्री जेवताना ते दोनदा म्हणाले, "मुलगी हुशार आहे. माझ्या मणक्यात चांदी आहे हे तिनं नुसत्या नजरेनं ओळखलं."

पद्मजाबाईंना पहिल्याच भेटीत मुलगी आवडली होती, पण कारण वेगळं होतं. कपबश्या विसळायला नम्रता त्यांच्यामागे स्वयंपाकघरात आली, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "खरंच चांदी असते, की त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालीस?"

"खरंच असते काकू. लोकांना चांदी म्हटलं की ताट-वाटी आणि पैंजणच आठवतात. पण आरशाच्या पाठीला चांदी, भाजल्यावर लावायच्या मलमात चांदी, सोलरच्या पॅनलवर त्या बारीक रेघा दिसतात ना, ती चांदी. तशीच या फिल्मवर. जेवढं काळं दिसतं, ती सगळी चांदी."

"आणि पांढरं?"

"पांढरं म्हणजे हाड. हाडात किरणं अडतात, त्यामुळे तिथली चांदी धुतानाच निघून जाते. तिथं नुसतं प्लॅस्टिक उरतं."

पद्मजाबाईंनी बशी पुसता पुसता विचार केला. "म्हणजे हे जिथं आहेत तिथं काही नाही, आणि हे जिथं नाहीत तिथं चांदी."

नम्रताला इतकं हसू आलं की तिला नळ सोडून भिंतीला टेकावं लागलं. सासू-सुनेचं जमतं का, किती दिवसांत जमतं, यावर लोक बरंच बोलतात. यांचं त्या विसळणातच जमलं.

पुढच्याच महिन्यात पेन्शनर मंडळाची सहल गणपतीपुळ्याला निघाली. श्रीनिवासराव कानटोपी, औषधाचा डबा आणि कमरेचा पट्टा घेऊन बसमध्ये चढले. बस कोपऱ्यावरून वळली आणि पद्मजाबाईंनी नम्रताला फोन लावला.

"तू म्हणत होतीस ते धुणं. घरचं थोडं असेल तर चालतं का?"

"काकू! काकांना विचारलं का?"

"विचारायचं असतं तर ते परत आल्यावर फोन केला असता."

नम्रता आली. ती आधी कचरत होती, पण दिवाण उघडल्यावर तिचाही धीर वाढला. एक अट मात्र तिनं घातली. प्रत्येक एक्स-रे आधी खिडकीच्या काचेला लावून त्याचा नीट फोटो काढायचा, मगच न्यायचा. पद्मजाबाईंना ते पटलं. चोरी करावी तर अशी, की चोरीला गेलेलं सगळं मालकाला दाखवता यावं. दुपारभर दोघी काचेला एक्स-रे चिकटवत होत्या. शेजारच्या बर्वेवहिनी साखर मागायला म्हणून आल्या, त्यांनी सगळा प्रकार पाहिला, काही न बोलता परत गेल्या आणि बर्व्यांचं एक जाडजूड पाकीट घेऊन आल्या. "आमच्या ह्यांचेही घे. दम्याचे आहेत. मी सांगेन उंदरांनी खाल्ले."

तिसऱ्याच दिवशी नम्रता कारखान्यातून निरोप घेऊन आली. "धुऊन झाले काकू. गरम पाण्यात सोडा घालून बुडवतात, काळं सगळं सुटतं, त्याचा गाळ वाळवून वितळवतात. आपलं आणि दवाखान्यांचं एकत्रच केलं. शीट तेवढ्या स्वच्छ निघतात, त्या प्लॅस्टिकवाल्याकडे जातात." तिनं नमुना म्हणून एक आणली होती. निळसर, पारदर्शक, कोरी करकरीत. कोपऱ्याला ओरखडासुद्धा नाही.

पद्मजाबाईंनी ती शीट हातात धरून नम्रताकडे बघितलं. शीटच्या पलीकडून नम्रता निळी दिसत होती.

"अशा थोड्या मिळतील का गं?"

"कशाला?"

"असंच."

नम्रतानं ओठ दाबून धरले. दुसऱ्या दिवशी तिनं शीट आणून दिल्या. पद्मजाबाईंनी त्या एकेक करून पाकिटांत घातल्या, ज्या पाकिटावर 'कंबर, समोरून' लिहिलं होतं ते वर आणि 'गुडघा, डावा' खाली, असं सगळं होतं तसं लावलं. पाकिटं तेवढी पाच-सहाच ठेवली, बाकीच्या जागेत दुलया घातल्या. बेत साधा होता. श्रीनिवासराव सहलीहून येतील, संध्याकाळी सवयीनं दिवाण उघडतील, कोरी शीट बघून त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल, मग आपण फोटो दाखवू, थोडी आदळआपट होईल, आणि प्रकरण मिटेल.

पण श्रीनिवासराव कोकणातून सर्दी घेऊन आले. नाक लाल, डोळ्यांना पाणी. त्यांनी दिवाण उघडला नाही, कुणी भेटायला आलं नाही, आणि वाट बघून बघून पद्मजाबाई ती गंमत विसरूनही गेल्या.

अशात एका रविवारी सकाळी गंधारचा फोन वाजला. नम्रताचे आईवडील कुणाच्या तरी बारशाला पुण्यात आले होते. आज दुपारी भेटायला आलो तर चालेल का, असं विचारत होते. न चालून काय करतात? पद्मजाबाईंनी साटोऱ्या करायला घेतल्या, गंधारनं दोन शर्ट बदलले आणि घरातलं वडीलधारं माणूस हवं म्हणून श्रीनिवासरावांनी सदाशिव पेठेतून आपल्या मोठ्या वहिनींना, मुक्ताईंना, रिक्षानं आणवलं. मुक्ताईंचं वय झालं होतं. जीभ तेवढी तरुण होती.

नम्रताचे वडील सुदर्शन वानखडे अकोल्यात इलेक्ट्रिकचे कॉन्ट्रॅक्टर होते. दणकट, हसतमुख, पण पुण्यात आल्यामुळे जरा दबून बसले होते. त्यांच्या पत्नीनं तर पहिली दहा मिनिटं फक्त "हो ना" एवढंच म्हटलं. साटोऱ्या झाल्या. अकोल्याच्या उन्हाचं झालं. पुण्याच्या ट्रॅफिकचं झालं. लग्नाचा विषय कुणी काढायचा या विचारात दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत होत्या. त्या शांततेत श्रीनिवासरावांनी घसा साफ केला.

"वानखडेसाहेब, आपण जरा त्या खुर्चीवर येता का? एक गंमत दाखवतो."

दिवाणाची फळी कुरकुरली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पद्मजाबाईंच्या हातातला चहाचा ट्रे तसाच हवेत राहिला. त्यांनी नम्रताकडे पाहिलं. नम्रताचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, चहा घ्या आधी," पद्मजाबाई म्हणाल्या.

"चहा ठेव. निवतोय तोवर होतंय आमचं." त्यांनी दिवाणात डोकावून पाहिलं. "आणि या दुलया इथं कुणी घातल्या?"

"बाबा, नंतर दाखवा ना," गंधार म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो आपला नेहमीचाच विव्हळत होता.

पण श्रीनिवासरावांनी 'कंबर, समोरून' उघडलं होतं. शीट बाहेर काढली, उजवा हात उंच करून ट्यूबलाइटसमोर धरली आणि नेहमीसारखे पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. एक्स-रेकडे बघायची त्यांना गरज काय? त्यावरचं सगळं त्यांना पाठ होतं.

"हा चौथा मणका," ते म्हणाले आणि डाव्या हाताची करंगळी बरोबर कोऱ्या शीटच्या मधोमध टेकवली. "हा पाचवा. आता या दोघांच्या मधे बघा."

वानखड्यांनी बघितलं. डोळे बारीक केले. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"दिसली गॅप?"

वानखड्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग एकुलत्या एका मुलीकडे पाहिलं. "दिसली ना," ते म्हणाले. "चांगली मोठी हाय."

"मोठी? डॉक्टर म्हणाले होते, एवढी गॅप असून माणूस चालतोय हेच आश्चर्य. वहिनी, आपल्याला दिसतंय का तिथून?" हे नम्रताच्या आईला.

"हो ना," त्या म्हणाल्या आणि हळहळून जिभेनं च्यक् केलं. "किती त्रास झाला असंल."

पद्मजाबाईंना आता हसू फुटत होतं आणि घामही फुटत होता. ट्रे खाली ठेवायला जागा नव्हती. श्रीनिवासरावांना असा श्रोता कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी दुसरी शीट काढली. गुडघ्याची वाटी दाखवली, ती कुठून सरकली ते बोटानं गोल काढून दाखवलं. वानखड्यांनी "अरेरे" म्हटलं. तिसरी शीट छातीची. "हा जो डाग दिसतोय ना, तो डाग नाही. सगळे फसतात." वानखडे म्हणाले, "मीबी फसलोच होतो."

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून मुक्ताईंचा आवाज आला. "श्रीनिवास, ते कोरं आहे."

"काय कोरं आहे?"

"तुझ्या हातातलं. पलीकडची भिंत दिसते आहे त्यातून. कालनिर्णयावरची तारीख वाचता येते मला."

"वहिनी, आपण एकदा मोतीबिंदूचं बघून घ्या."

"दोन्ही डोळ्यांचं झालं. तूच आला होतास डबा घेऊन."

श्रीनिवासरावांनी प्रथमच मान वळवून हातातल्या शीटकडे पाहिलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. शीट उलटी केली. मग कंबर, समोरून. मग गुडघा, डावा.

"उडाला," ते म्हणाले. "सगळा सांगाडा उडाला."

"ऊन लागलं असंल," वानखडे मदतीला धावले. "आमच्याकडे रंग उडतो भिंतीचा."

"पण आपल्याला तर आत्ता दिसत होता!"

वानखडे कानापर्यंत लाल झाले. "पोरीची सोयरीक घेऊन आलो साहेब. तुमी म्हणता दिसते, तर मी दिसत नाही कसं म्हणू?"

आता मात्र पद्मजाबाईंनी ट्रे थेट वानखड्यांच्या मांडीवर दिला आणि पुढे आल्या. "काही उडालं नाही. मी दिले ते. धुवायला. नम्रताच्या कारखान्यात."

"काकूंनी एकट्यांनी नाही, मीसुद्धा," नम्रता उठून उभी राहिली.

"आई!" गंधार म्हणाला. "नम्रता!" हेही तोच म्हणाला. दोनच शब्द, पण त्यात त्याची बोलती संपली.

वानखडे मांडीवरचा ट्रे सांभाळत मुलीकडे बघत राहिले. "लग्नाच्या आधीच सासऱ्याची हाडं इकली तू?"

"विकली नाही बाबा. चांदी काढली."

श्रीनिवासरावांनी तिन्ही शीट एकावर एक नीट ठेवल्या, कडा जुळवल्या आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मुक्ताईंनी तिसरी साटोरी उचलली. पद्मजाबाईंना वाटलं, आदळआपट झाली असती तर बरं झालं असतं. या माणसाची पाठ त्यांनी काचेवर, ट्यूबलाइटसमोर, उन्हात, सगळीकडे पाहिली होती; पण गॅलरीतली ही पाठ त्यांना बघवेना. त्या आत गेल्या, कपाट उघडलं आणि साड्यांखालून एक एक्स-रे काढून गॅलरीत गेल्या.

"मला विचारायचं होतंस," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

"विचारलं असतं तर दिले असतेत?"

"नाही."

"मग?"

"तरी विचारायचं."

पद्मजाबाई म्हणाल्या, "चुकलं माझं. फोटो आहेत सगळ्यांचे, नम्रताच्या फोनमध्ये. आणि हा एक मी दिला नाही."

त्यांनी तो पुढे केला. श्रीनिवासरावांनी तो आकाशाकडे धरला. पडल्यानंतर अगदी पहिला काढलेला. त्या दिवशी त्यांना ताठ बसवेना, म्हणून टेक्निशियननं पद्मजाबाईंनाच त्यांचा खांदा धरून उभं केलं होतं. फिल्मच्या कडेला, त्यांच्या बरगड्यांवर, एका बाईच्या हाताची बारीक पांढरी बोटं आली होती आणि मनगटाशी बांगड्यांच्या दोन झगझगीत रेघा. हा एक्स-रे श्रीनिवासरावांनी पाहुण्यांना कधीच दाखवला नव्हता. बिघडलेला म्हणून तो कायम तळाशी असायचा.

त्यांनी बांगड्यांच्या रेघांवर करंगळी टेकवली. मग म्हणाले, "बांगड्या काढायला सांगितलं होतं तेव्हा तुला."

"तुम्ही ओरडत होतात. ऐकू आलं नाही."

"मी ओरडत नव्हतो. कण्हत होतो."

"पार जोगेश्वरीच्या देवळापर्यंत ऐकू जाईल इतकं कण्हत होतात."

श्रीनिवासरावांच्या नाकातून एक आवाज आला. सर्दी असेल, नसेलही. ते वळले आणि दाराशी येऊन नम्रताला म्हणाले, "किती निघाली माझ्यातून?"

"सगळ्यांची एकत्र वितळली काका. दवाखान्यांचीही होती त्यात. वेगळी सांगता नाही येणार. पण एक जोडव्यांचा जोड होईल एवढी असेल."

"एवढीच? आणि बर्व्यांची?"

त्यांना बर्व्यांचं कसं कळलं हे पद्मजाबाईंना आजतागायत समजलेलं नाही. नम्रता अडखळली. "बर्वेकाकांचे छातीचे होते. फुफ्फुसात हवा असते, हवा काळी येते. म्हणजे... चांदी जरा जास्त धरते."

"बर्व्यात हवा जास्त आहे हे मी वीस वर्षं सांगतोय," श्रीनिवासराव म्हणाले आणि येऊन खुर्चीवर बसले. "मग ती चांदी आहे कुठं आता?"

"गेली काका. आमच्या शेजारच्या शेडमध्ये स्विचचे पॉइंट बनवतात, त्यांनी नेली."

"स्विचचे? बटणांचे?"

इथं वानखड्यांना इतक्या वेळात प्रथमच पायाखाली जमीन लागली. ट्रे बायकोकडे देऊन ते उठले. "मंग साहेब, तुमची चांदी सोन्याच्या जागी गेली म्हणा ना! बटणातला चांदीचा पॉइंट म्हणजे आमच्या धंद्याचा जीव. तुमाले दाखवतो. पेचकस हाय काय घरात?"

"आत्ता?" पद्मजाबाई म्हणाल्या.

पण श्रीनिवासराव स्क्रू-ड्रायव्हर आणायला गेलेही होते. वानखड्यांनी मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, मुक्ताई म्हणाल्या, "हे काय, आता उकडून काढणार का चांदी?" दोन्ही व्याही खांद्याला खांदा लावून भिंतीला चिकटले. बोर्ड उघडला, एक जुनं बटण सुटून बाहेर आलं, वानखड्यांनी ते तळहातावर घेऊन खोललं. आत पितळेच्या पट्टीवर मसुरीच्या डाळीएवढा एक पांढुरका ठिपका होता.

"ही पाहा. दर वेळी बटण दाबलं की इथं ठिणगी उडते. तांब्याचं असतं तर काळं पडून बसलं असतं. चांदी जळते थोडी, पण वीज आडवत नाही. वर्षानुवर्षं."

श्रीनिवासरावांनी तो ठिपका चिमटीत धरला, गॅलरीच्या उजेडात नेला, चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला.

"ही माझी असेल?"

"हे बटण तुमच्या सहलीच्या आधीचं आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

"मी आपलं म्हटलं."

"साहेब, वितळल्यावर चांदीला आडनाव राहत नाही," वानखडे म्हणाले. "पण पुढच्या वर्षी जे नवीन बटण दाबाल, त्यात नसंलच असं कोणी सांगावं?"

श्रीनिवासरावांना हा विचार फार आवडला. मेन स्विच पुन्हा वर केल्यावर त्यांनी हॉलचा दिवा चार वेळा लावला आणि घालवला, आणि दर वेळी वानखड्यांकडे बघून मान हलवली. उघड्या बोर्डाखाली, घामानं निथळत, लग्नाचं बोलणं पंधरा मिनिटांत झालं. तारीख मुक्ताईंनी सुचवली, कारण कालनिर्णय त्यांना समोरच वाचता येत होतं. नम्रताची आई जाताना पद्मजाबाईंना म्हणाली, "मले खरंच दिसली होती हो गॅप." आणि दोघी दारात उभ्या राहून हसल्या.

दिवाण हाडांपासून मोकळा झाला. पद्मजाबाईंनी दुलयांशेजारी पुरणयंत्र आणलं, मिक्सर पलंगाखालून काढून तिथं ठेवला आणि महिनाभर त्या येता-जाता उगाचच फळी उचलून आत बघत.

मग एक दिवस दुपारी बेल वाजली. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातला माणूस खांद्यावर भलंमोठं पोतं घेऊन उभा होता. अकोल्याहून आलं होतं. श्रीनिवासरावांनी उत्साहानं सुतळी सोडली. आत पिवळी, खाकी, पांढरी, नाना दवाखान्यांची पाकिटं होती, आणि वानखड्यांनी फोनवर आनंदानं सांगितलं, "साहेब, आमच्या सगळ्या गणगोताचे गोळा केले. काका, मामा, दोन आत्या. आमची म्हातारी आई दोनदा पडली, तिचे बी हायेत. म्हटलं व्याह्यांच्या घरी पोरीले रिकाम्या हातानं कसं पाठवावं?"

"नम्रताला सांगते, उद्याच घेऊन जाईल," पद्मजाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"उद्याच कशाला?" श्रीनिवासराव म्हणाले. त्यांनी पुरणयंत्र उचलून बाहेर ठेवलं, मिक्सर बाहेर ठेवला आणि एक पाकीट उघडून ट्यूबलाइट लावली. "लोकांनी विश्वासानं पाठवलंय, नीट बघून तर घेऊ आधी. हे बघ, पद्मजा, ये इकडे. हा व्याह्यांच्या मामांचा खुबा. आता इथं बघ. बघ, बघ. दिसली गॅप?"